सुई ती सुई

१९ ऑक्टोबर

ही वही ताईने दिली. म्हणाली, "काडेपेट्या, तोंडाने भांडतोस त्यातलं निम्मं कागदावर भांडत जा. घराला जरा शांतता." कॉलेज अर्ध्यात सोडलं त्या दिवशी मी सरांच्या टेबलावर पुस्तकं आपटून आलो होतो, तेव्हापासून घरात माझं नाव काडेपेटी. आता शटरच्या वर्कशॉपमध्ये आहे. दुकानांची लोखंडी शटरं बनवायची, अडकलेली सोडवायची. आपटाआपटीला भरपूर वाव आहे.

आज ताईला घेऊन हृदयाच्या दवाखान्यात गेलो होतो. तिच्या हृदयात जन्मापासून दोष. लहानपणी एकदा उघडून शिवलं. ती स्वतः घरी शिवणकाम करते, त्यामुळे सगळं शिंप्याच्या भाषेत सांगते. "माझं हृदय रफू केलेलं आहे." आता त्या रफूशेजारची झडप गळतेय. एक जिना चढली की मधल्या पायरीवर थांबून भिंतीचा रंग बघत असल्याचं नाटक करते. वीस नोव्हेंबरला ऑपरेशन. ही तारीख मिळायला वर्ष गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फ्लूचं इंजेक्शन तिला आजच देऊ, आणि घरच्या सगळ्यांनी या आठवड्यात घेऊन टाका. फ्लूने तुम्ही चार दिवस अंथरुणात पडाल, ही आयसीयूत जाईल. ऑपरेशन हुकेल ते वेगळंच. "तिला दिलं तरी एकट्या तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. कुंपण घरच्यांनी घालायचं."

मी विचारलं, गेल्या वर्षी टोचलेलं कुठे गेलं मग? म्हणाल्या, फ्लूचा विषाणू बदलत राहतो, दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. मोठा सोयीचा विषाणू आहे. मोबाइलचं रिचार्जच म्हणा ना. कुठेतरी पाणी मुरतंय.

परतताना ताईला तसं म्हणालो तर म्हणते, "वाढत्या पोरीला गेल्या वर्षीचा फ्रॉक होतो का? नाही होत. मग माप नव्याने घ्यायचं. त्यात कसला आलाय डाव?"

तिने टोचून घेताना मी दाराबाहेर होतो. लहानपणी तिला टोचायचे तेव्हा मला बाहेर बाकावर बसवून ठेवायचे आणि दारातून तिचा आवाज यायचा. सुई दिसली की अजून माझे पाय कापसाचे होतात. हे फक्त इथे. बाहेर विचाराल तर मी फोनवर बोलत होतो.

२१ ऑक्टोबर

आई गल्लीतल्या दवाखान्यातून टोचून आली. रात्री जेवताना मामाचं भाषण. मामा आमच्याकडेच राहतो, चौकात त्याचं सलून आहे. दाढी करताना गिऱ्हाईक हलू शकत नाही, याचा फायदा घेऊन त्याने आयुष्यभर भाषणं केली आहेत. "आम्हाला कुणी टोचलं होतं? हे बघ, साठी आली, अजून एक दात पडलेला नाही." दातांचा फ्लूशी काय संबंध ते विचारायची सोय नाही. आई म्हणाली, "दादा, घे रे बाबा, पोरीसाठी." मामा म्हणाला, "बघू."

बघू म्हणजे नाही. त्याचं बघू मी वीस वर्षं ऐकतोय. मी त्याच्यावर नजर ठेवणार आहे.

आपण स्वतः कधी घेणार? घेऊ की. अजून आठवडा संपला कुठे.

२३ ऑक्टोबर

चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथलं शटर मी मागच्या महिन्यात सोडवलं होतं, तेव्हापासून माझीच सुटका झालेली नाही. तिथे काम करणारी ती डोळ्यांचा नंबर तपासते. डोळ्यासमोर ती जड फ्रेम लावते, काचा बदलत जाते, आणि इतक्या जवळून विचारते, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" आज तिसऱ्यांदा डोळे तपासून घेतले.

"दुसरं," मी म्हणालो.

"दोन्ही वेळा एकच काच होती."

"मग दुसऱ्यांदा जास्त नीट धरली असेल तुम्ही."

"तुझे डोळे ठणठणीत आहेत. डोकं दुसरीकडे दाखव." पण हसली. नंतर ताईची चौकशी केली. ऑपरेशनची तारीखही तिच्या लक्षात होती.

निघताना फ्रेमचे खोके घेऊन एक जण मोटारसायकलवर आला. ती त्याला अरे म्हणाली. मलाही अरेच म्हणते, पण त्या अरेमध्ये आणि या अरेमध्ये फरक होता. हा फ्रेमवाला कोण?

२७ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितोय म्हणून अक्षर असं. शटरची पट्टी कापताना उजव्या तळव्यात घुसली. लक्ष नव्हतं. लक्ष कुठे होतं ते लिहीत नाही. मालक ओरडतच दवाखान्यात घेऊन गेले. टाके घातले आणि दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी डोळे मिटून शटरच्या पट्ट्या मोजत होतो. मालक बाहेर आल्यावर म्हणाले, "लोखंडाला भीत नाहीस आणि एवढ्याशा सुईला?"

घरी आलो. आई भाजी चिरत होती. हात बघून आधी भरपूर बोलली. मग तिला आठवलं, "आणि काय रे, इंजेक्शन घेतलंस का?"

घेतलं म्हणालो.

खोटं काय आहे त्यात? घेतलंच आहे. दंड सुजलाय. परत जाऊन दुसऱ्या दंडात टोचायला माझ्या अंगात आता बळ नाही. एका आठवड्यात माणसाने किती टोचून घ्यायचं?

३० ऑक्टोबर

ताईच्या मशीनला सुई बसवून दिली. हे मशीन पायाचं होतं. पाय मारून तिला धाप लागायची म्हणून गेल्या वर्षी मी त्याला मोटर बसवली. आज ती कुणाच्या तरी जाड पडद्याला टीप घालत होती आणि पहिल्याच फटक्याला सुई मोडली. अर्धा तुकडा माझ्या गालाजवळून गेला.

"किती नंबरची लावलीस?"

"डबीत होती ती लावली. सुई ती सुई."

"अकराची लावलीस पडद्याला. त्याला अठराची लागते. वरून सगळ्या सारख्याच चमकतात रे, कामाला लावल्या की कळतं."

मी म्हणालो, मग डबीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. ती म्हणाली, वाचणाराही हवा ना. घरात सगळे मलाच टोचून बोलतात. इंजेक्शनपेक्षा ते जास्त झोंबतं.

मामाने अजून टोचून घेतलेलं नाही, माझी खात्री आहे. ताईला विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" दोघांचं काहीतरी शिजतंय.

६ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट. दुपारी चष्म्याच्या दुकानात गेलो तर ती नाकातोंडावर रुमाल बांधून काउंटरमागे बसलेली. मी आत पाऊल टाकलं तोच म्हणाली, "आज जवळ येऊ नकोस. तिथूनच बोल."

"का?"

"अंगात कसकस आहे. तुझ्या घरी ताई आहे ना."

मला कसकस कळते. मला टाळायचं असेल तर सरळ सांग, ताईचं नाव कशाला पुढे करायचं? थोड्या वेळाने मोटारसायकलचा हॉर्न वाजला. फ्रेमवाला. ती पर्स घेऊन उठली, जाता जाता त्याच्या खांद्याला धरून चालत होती. भर बाजारात. मला लांबून बोल आणि त्याच्या खांद्याला हात.

मालकीणबाई आत खोके लावत होत्या. काउंटरवर तिचा कप होता, अर्धा चहा तसाच. मी तो उचलून पिऊन टाकला. गार झालेला आणि साखर बेताबाहेर. का प्यालो ते मला विचारू नका. तिच्या हातची दुसरी कुठली वस्तू मला मिळणार होती?

९ नोव्हेंबर

घसा खवखवतोय. वर्कशॉपमध्ये दोन दिवस शटरांना रंगाआधीचा लाल प्रायमर मारतोय, त्याचाच वास बसला घशात. अंगही मोडून आलंय. मन दुखलं की अंग दुखतं म्हणतात, ते खरं असावं.

ताईची ऑपरेशनची पिशवी भरायला बसलो होतो. तिने स्वतःच गाऊन शिवलाय, पुढून उघडणारा. "डॉक्टरांना शोधाशोध नको. सरळ बटणं काढा आणि कामाला लागा." काजं मोजून बघ म्हणाली म्हणून तिच्या अगदी शेजारी बसून बघत होतो. मला दोनदा शिंक आली.

आईने स्वयंपाकघरातून डोकं काढलं. "सर्दी आहे का रे? इंजेक्शन घेतलंयस ना नक्की?"

"घेतलं म्हणालो ना. किती वेळा सांगू? प्रायमरचा वास आहे."

ताई माझ्या हाताच्या पट्टीकडे बघत होती. म्हणाली, "जरा लांब बस." आजकाल सगळ्यांना मी लांबच हवा असतो.

१२ नोव्हेंबर

ताईला ताप. सकाळपासून खोकला, संध्याकाळी ओठांचा रंग बदलला. आईने दवाखान्यात फोन केला, तिकडून म्हणाले, एक मिनिट घालवू नका, घेऊन या. मी तिला उचलून जिना उतरलो. वजन काहीच नाही तिचं. मधल्या पायरीवर ती म्हणाली, "आज भिंत बघायची गरज नाही." तेवढं बोलायलाही तिला थांबावं लागलं.

१३ नोव्हेंबर

फ्लू आहे. तपासणीत आला. ऑक्सिजन लावलाय, आयसीयूत ठेवलंय. वीस तारीख रद्द. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टोचलेलं होतं म्हणून निदान एवढ्यावर आहे. पुढचे दोन दिवस बघू." त्यांच्या बघूचा अर्थ मामाच्या बघूसारखा नसू दे.

मग विचारलं, "घरात कुणी आजारी होतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मामाकडे पाहिलं.

तिथे कॉरिडॉरमध्येच माझी काडी पेटली. दिवसभर दहा जणांच्या तोंडापाशी तोंड नेऊन दाढ्या करतोस, टोचून घ्यायचं नाव नाही, आणि रात्री येऊन तिच्या शेजारी बसतोस. मामाला आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. "कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते हे असं," म्हणालो. लोक बघत होते. आईने माझा दंड धरला, तोच दंड.

मामा काहीच बोलला नाही. एवढा बोलणारा माणूस. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर काय. बाकावर बसला आणि स्वतःचे तळवे बघत राहिला.

१५ नोव्हेंबर

ताप उतरायला लागलाय. ऑक्सिजन कमी केला.

मी बसून सगळा हिशेब लावतोय. फ्लू घरात चालत आला नाही, कुणीतरी आणला. संशयित: एक, मामा. दोन, ती पडदेवाली बाई, पडद्याचं कापड द्यायला आली तेव्हा नाक ओढत होती असं आठवतंय, पण नक्की नाही. तीन, खालच्या मजल्यावरचे, ते कुणाशीच बोलत नाहीत, म्हणजे काहीतरी असणारच. आई नाही, आईने माझ्यासमोर टोचल्याचा बोळा कचऱ्यात टाकला होता. म्हणजे फिरून मामाच.

माझा खोकला अजून आहे. जागरण.

१८ नोव्हेंबर

ताई साध्या खोलीत आली. आवाज पार बसलाय, पण जीभ जागेवर आहे. मी मामाचा विषय काढताच तिने हात वर केला.

"मामाने घेतलंय."

"कधी?"

"मी टोचून घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. मला सोबत घेऊन गेला होता. सुई बघून माझा हात असा आवळला की बोटं दुखली. बाहेर आल्यावर म्हणाला, घरात सांगू नको, माझी इज्जत आहे."

म्हणजे त्या रात्रीचं दातांचं भाषण टोचून आल्यावरचं होतं.

"मग आणलं कुणी?" मी विचारलं.

ताईने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. टाके काढलेत आता, तळव्यावर रेघ राहिलीय. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सुबक घातलेत. मी असते तर आणखी जवळ घातले असते." मग कूस बदलून झोपली.

ती काहीतरी लपवतेय. कुणाला तरी पाठीशी घालतेय. मी तिचा सख्खा भाऊ, मला सांगायला काय हरकत आहे?

२१ नोव्हेंबर

काल ऑपरेशन व्हायचं होतं. आईने कॅलेंडरवरची वीस तारीख न बघता पान उलटायचा प्रयत्न केला, पण महिना संपल्याशिवाय पान कसं उलटणार?

चष्म्याच्या दुकानात गेलो. मनात होतं की आज स्पष्ट विचारायचं. ती आता बरी दिसते, जरा वाळलीय. ताईचं कळलं होतं तिला. मालकीणबाईंनी सांगितलं.

"मलाही तोच झाला होता," ती म्हणाली. "मी इंजेक्शन घ्यायचा कंटाळा केला. त्या दिवशी तुला लांब राहा म्हणाले ते बरं झालं. निदान माझ्याकडून तरी तुमच्या घरी गेला नाही."

मी काउंटरवरची एक फ्रेम उलटसुलट करून पाहिली.

"आणि तू तर टोचून घेतलेलंच असेल. घरी असं माणूस असताना."

"घेतलं ना."

"कधी?"

"हात कापला तेव्हा."

ती हातातली काच पुसत होती. पुसायची थांबली. "हात कापल्यावर धनुर्वाताचं देतात. कसलं घेतलंस तू?"

"इंजेक्शन."

"कसलं?"

एवढा साधा शब्द आहे. आईने कधी विचारला नाही, मामाने नाही, डॉक्टरीणबाईंनी नाही. तिने काच डोळ्यांसमोर धरली, तिच्या आरपार माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली. म्हणाली, "पण तू तर दारातच उभा होतास. मग कसा..."

मला काउंटरवरचा कप दिसत होता. आज तिथे कप नव्हता, तरी दिसत होता.

तसाच निघालो. तिला कुणी पढवलं? ताईने? दोघींची ओळख नाही. मग दोघींनाही तेच कसं दिसतं?

फ्रेमवाला कोण ते विचारायचं राहूनच गेलं.

२२ नोव्हेंबर

मागची पानं वाचून काढली. २७ तारखेचं. ६ तारखेचं. ९ तारखेचं, दोन शिंका.

ताईला सगळं नऊ तारखेलाच कळलं होतं. लांब बस म्हणाली होती.

आज लिहायला नको.

२५ नोव्हेंबर

मामाच्या सलूनमध्ये गेलो. तीन गिऱ्हाइकं होती. माझी पाळी येईपर्यंत बाकावर बसलो. मामाने मानेभोवती कापड बांधलं, आरशात माझ्याकडे न बघता विचारलं, "बारीक?"

"मामा, तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही हा शब्द त्याने ऐकला. कात्री जराशी थांबली आणि पुन्हा चालू झाली. आज त्याने भाषण केलं नाही. कान कापून टाकला असता तरी मी हललो नसतो. शेवटी मानेवरचे केस झटकताना म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी एक म्हण आहे." मी म्हणालो, माहीत आहे. तो म्हणाला, "असू दे. मीही घाबरूनच लपवलं. फक्त मी घेतल्याचं लपवलं."

म्हणजे यालाही माहीत आहे. ताईने सांगितलं नाही म्हणतो, खोकल्यावरून ओळखलं म्हणतो. मग त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये, एवढ्या लोकांसमोर, का नाही बोललास? बोललात?

आईला मात्र अजून माहीत नाही. शेजारणीला सांगत होती, "त्या खालच्यांकडूनच आला असणार. आमच्याकडे सगळ्यांनी टोचून घेतलंय." माझ्या सांगण्यावर ती आता चार घरांशी भांडेल.

३ डिसेंबर

ताईला पुन्हा दाखवायला नेलं. आई, मी आणि ताई. या वेळी मी दाराबाहेर थांबलो नाही. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, फोटो पाहिले. फुप्फुसं साफ होत आलीत. झडप मात्र होती त्याहून जास्त गळतेय. आणखी थांबणं बरं नाही, पण पूर्ण बरी झाल्याशिवाय उघडताही येत नाही. जानेवारीतली तारीख देतील. "तोपर्यंत घरात एक शिंकही नको," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मग सिस्टर आल्या. त्यांना सगळं पुन्हा विचारायचं असतं. ताप? खोकला? धाप? ताई उत्तरं देत होती, मधे थांबत, भिंतीकडे बघत.

"आणि घरच्यांनी सगळ्यांनी इंजेक्शन घेतलंय ना?"

"हो, हो," आई म्हणाली. "सगळ्यांनी घेतलंय. ऑक्टोबरमध्येच."

सिस्टरांनी मान हलवली आणि वळल्या. ताई खिडकीबाहेर बघत होती, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची पाइपं होती. ती काही बोलणार नव्हती. जानेवारीपर्यंत बोलली नसती, त्यानंतरही नसती. टेबलावर ट्रे होता, त्यात पाकिटात बंद सुया. वरून सगळ्या सारख्याच चमकत होत्या. मी खुर्चीची पाठ धरली.

"सिस्टर," मी म्हणालो, "कसलं घेतलं, ते विचारा ना."

आई हळूहळू माझ्याकडे वळली. मी बाही वर करायला लागलो. डाव्या हाताने जमेना, तेव्हा ताईने पुढे होऊन दुमडून दिली, नीट, एकावर एक घडी घालून, शिवणीच्या कपड्याला दुमडते तशी.